पाठीने झाकलेला कागद

मित्रांनो, कोर्टाच्या तळघरात मोडक्या खुर्च्यांशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला जुना सूचनाफलक, तो मी. माझी काच धुळीने आंधळी झाली आहे आणि आतल्या हिरव्या कापडाला कसर लागली आहे. पण एके काळी पोलंडच्या पूर्वेकडच्या या लहानशा गावात माझ्यावाचून कोर्टाचे पान हलत नसे.

मला तेओफिल नावाच्या सुताराने घडवले. तो एरवी मधमाश्यांच्या पेट्या करायचा, म्हणून माझे सांधे इतके घट्ट बसले की आत मुंगी शिरायची नाही. चार नंबरच्या खोलीच्या दाराशेजारी मला ठोकले, तेव्हा म्हातारे हेडक्लार्क म्हणाले, "दाराआड गुपचूप न्याय केला, तर लोक त्याला न्याय म्हणायचे नाहीत. आज कुणाचा खटला आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे." या गावाने गुपचूप केलेले न्याय पाहिले होते. त्यामुळे त्यांचे ते बोलणे मी आयुष्यभर अभिमानाने मिरवले.

रोज सकाळी आठ वाजता माझ्या काचेत दिवसाची यादी लागे. वेळ, दोन्ही पक्षांची नावे आणि भांडण कशाचे, एवढे त्यात असे. लोक येत, काचेवरून बोट फिरवत आपले नाव शोधत आणि मग सावकाश इतरांचीही नावे वाचत. खरे सांगतो, इतरांची वाचतानाच त्यांचे डोळे जास्त चमकत. मला वाटायचे, लोकांचा आपल्यावर किती जीव आहे!

माझ्या सर्वांत जुन्या वाचक म्हणजे फिलिपियुकबाई. बांधावरून दिराशी त्यांचा दावा नऊ वर्षे चालू होता. त्या थर्मास घेऊन यायच्या, समोरच्या बाकावर ठाण मांडायच्या आणि मला मोठ्याने वाचायच्या. "अगंबाई, बेकरीवाल्याचा घटस्फोट! तरीच त्याचा पाव हल्ली कच्चा राहतो." सगळा कॉरिडॉर हसायचा. मीही मनातल्या मनात हसायचो. त्या बेकरीवाल्याला काय वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नाही.

मग नोव्हेंबरातला तो दिवस उजाडला.

यादी करायचे काम कारकून याद्विगाबाईंचे. बाई कामाला इतक्या चोख की स्वल्पविराम चुकला तर अख्खा कागद पुन्हा टाइप करायच्या. त्या दिवशी अकराच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: "लुत्सिना नाझारुक विरुद्ध मोज्यांचा कारखाना. मनोरुग्णालयातील उपचारांची माहिती उघड केल्याबद्दल. सुनावणी बंद दाराआड." शेवटच्या शब्दांखाली रेघसुद्धा मारली होती. कागद काचेत लावून त्यांनी कुलूप घातले आणि त्या आत गेल्या. यात काही चुकते आहे, हे त्यांच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही.

साडेआठला लुत्सिनाबाई आल्या. चाळिशीच्या, राखी कोटातल्या. त्यांची हकिकत मला पुढे, समोरच्या बाकावर, त्यांच्याच तोंडून कळली. त्यांचे बाळ जन्मताच गेले होते. त्यानंतर पाच आठवडे त्या मनोरुग्णालयात होत्या. रजेच्या दाखल्यावर त्या रुग्णालयाचा शिक्का होता, आणि फोरमनने तो दाखला कारखान्याच्या खाणावळीतल्या फलकावर सरळ टाचून दिला. ही का येत नाही, असे कुणी विचारायला नको म्हणून! त्या कामावर परतल्या तेव्हा शेजारच्या यंत्रावरच्या बायका त्यांना पाहून कात्र्या उचलून ठेवू लागल्या. कारखाना होता पलीकडच्या गावात. इथे, त्यांच्या स्वतःच्या गल्लीत, कुणालाही काही ठाऊक नव्हते. मावशीकडे गेले होते, असे त्यांनी सांगितले होते. तेवढी एक गल्ली त्यांना मान वर करून चालायला उरली होती.

आणि आता त्यांच्याच गावात, कोर्टाच्या भिंतीवर, मी ते सगळे ठळक अक्षरांत सांगत उभा होतो.

त्यांनी वाचले. काच ओढून पाहिली, तर कुलूप. मग त्या वळल्या आणि माझ्या काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला प्रथमच माझी लाज वाटली.

हळूहळू कॉरिडॉर भरला. पोटगीवाले आले, वारसाहक्कवाले आले.

"अहो बाई, सरका की! आमचा नंबर बघायचाय."

"नाव सांगा. वेळ मी सांगते."

"तुम्ही काय कोर्टाच्या नोकर आहात?"

"आज आहे."

एक टोपीवाला शेतकरी म्हणाला, "फलक जसा काही माहेरहून आणलाय हिनं!" लोक हसले. लुत्सिनाबाई हलल्या नाहीत. मान वळवून त्या तिरक्या नजरेने यादी बघत आणि ज्याला त्याला त्याची वेळ सांगत. कुणी बाक देऊ केला तरी बसल्या नाहीत. असे अडीच तास गेले.

मला मात्र वेगळाच घोर लागला होता. समोरच्या बाकावर फिलिपियुकबाई बसल्या होत्या. लुत्सिनाबाई येण्याआधीच, कॉरिडॉर रिकामा असताना, त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले होते. आणि त्या लुत्सिनाबाईंच्याच गल्लीत राहत.

अकरा वाजता याद्विगाबाई दारात आल्या आणि रिवाजाप्रमाणे खणखणीत आवाजात पुकारू लागल्या, "लुत्सिना नाझारुक विरुद्ध..."

"हळू बोला!"

"अहो, आत चला ना."

"मी हलले की सगळे वाचतील. आधी हा कागद काढा."

"असं कसं? यादी दिवसभर लावायचीच असते. तुमची सुनावणी तर बंद दाराआडच आहे ना!"

"आत काय आहे ते बाहेर लिहून ठेवलंत, मग दार बंद कशाला करता?"

याद्विगाबाईंनी हातातली फाइल मिटली. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने न्यायाधीशबाई स्वतः बाहेर आल्या, काळा झगा आणि गळ्यात राष्ट्रचिन्हाच्या गरुडाची साखळी, तशाच. इतक्या वर्षांत असे कधी घडले नव्हते. सगळे उठून उभे राहिले. लुत्सिनाबाई जेमतेम हातभर सरकल्या. न्यायाधीशबाईंनी त्या फटीतून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"किल्ली द्या," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि घडी घातली. "हे आम्ही करायला नको होतं. माफ करा, बाई."

दार बंद झाले. मी मोकळा राहिलो. लगेच टोपीवाला फिलिपियुकबाईंकडे वळला.

"काय होतं हो त्यात? तुम्ही पहिल्या आलात, वाचलंच असणार."

मी जीव मुठीत धरून ऐकू लागलो. फिलिपियुकबाईंनी बंद दाराकडे पाहिले.

"काय की. चष्मा घरी राहिला."

"अहो, नाकावर आहे की!"

"हा लांबचा आहे," त्या म्हणाल्या आणि कपात चहा ओतू लागल्या.

सुनावणी बंद असली तरी निकाल उघड्या दारातच वाचायचा असतो, म्हणून दुपारी मलाही तो ऐकू आला. कारखान्याच्या वकिलाने सुचवले होते, की खाणावळीतल्या त्याच फलकावर आम्ही जाहीर माफी लावतो. लुत्सिनाबाई नको म्हणाल्या होत्या. कोर्टाने कारखान्याला दोषी धरले आणि हुकूम दिला, की माफी पाकिटात घालून बाईंच्या हातात द्यावी, कोणत्याही भिंतीवर लावू नये. का, कशासाठी, ते न्यायाधीशबाईंनी मोठ्याने वाचले नाही.

लुत्सिनाबाई बाहेर आल्या. फिलिपियुकबाईंची तारीख केव्हाच पुढे गेली होती, तरी त्या बसून होत्या. त्यांनी थर्मास उचलून बाकावर जागा केली.

"बस गं. सकाळपासून उभी आहेस."

लुत्सिनाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "तुम्ही वाचलंत."

"वाचलं."

"मग?"

"मग काय? चहात साखर आहे, चालेल ना?"

लुत्सिनाबाई बसल्या, आणि मग मात्र त्यांना रडू आवरले नाही. त्या हकिकतीचा एक शब्दही पुढे त्या गल्लीत कुणाच्या कानी गेला नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण गेला असता तर तो फिरून त्या कॉरिडॉरमध्ये आलाच असता.

त्या दिवसानंतर याद्विगाबाई असे दावे केवळ आद्याक्षरांनी लिहू लागल्या. पुढे भिंतीवर यादी दाखवणारे टीव्हीसारखे पडदे आले आणि मी तळघरात आलो. माझी काच कुणी पुसत नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, न्याय उघड्यावर व्हावा, असे मी आजही म्हणतो. पण तुमच्याही शाळेत, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्याखाली माझे भाऊबंद असतील. त्यांच्यावर कुणाचा कागद टाचण्याआधी, ज्याचे नाव त्यावर आहे त्याला एकदा विचारा. आणि कुणी आधीच टाचून गेला असेल, तुम्ही वाचूनही झाले असेल, तर एवढे लक्षात ठेवा: आम्हा फलकांना काही पोटात ठेवता येत नाही. माणसाला येते.