रायसिन्याची दिवेलागण

माघातलं उतरतं ऊन. धुक्यातून गाळून आलेलं, तांबूस, क्षीण, कुणाच्याच अंगाला न लागणारं ऊन. रक्तपाषाणांच्या प्रासादांवर, स्तंभांवर, सज्जांवर, निःशब्द जलकुंडांवर ते विसावलं होतं. आणि त्या सरळ, दीर्घ, राजस रस्त्याच्या कडेला जांभळीची झाडं आपापल्या सावल्या आवरत उभी होती. दिल्लीत संध्याकाळ व्हायला आली होती.

त्या रस्त्यानं दोघी येत होत्या. म्हातारी सगुणाबाई पुढे आणि धडधाकट लेक शालन मागे, असा उलटाच प्रकार. शालनला इंडिया गेटपासून रिक्षा करायची होती. पण सगुणाबाई ऐकतात कसल्या. ज्या रस्त्यानं नवरा बूट आपटत गेला, त्या रस्त्यानं आपण बसून जायचं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

दूर, रस्त्याच्या शेवटी, राष्ट्रपती भवनाचा घुमट. श्यामल, गंभीर, धुक्यावर तरंगणारा घुमट. जसजशा त्या जवळ जात होत्या, तसतसा तो बुडत होता. चढाच्या आड, कणाकणानं, मुकाट बुडत होता. शालन थबकून पाहत राहिली. सगुणाबाईंना मात्र नवल वाटलं नाही. जवळ गेलं की ते मोठं घर लपतं, हे नवऱ्यानं, सुभानरावांनी, त्यांना कधीच सांगून ठेवलं होतं.

सुभानराव पलटणीच्या बँडमध्ये बिगुल वाजवायचे. एका जानेवारीत, ऐन भरात, ते इथं, रायसिन्याच्या याच चढाखाली उभे राहिले होते. सूर्य मावळताना बिगुल वाजतो, निशाणं उतरतात. त्या सुराचा अर्थ एवढाच, की दिवस संपला, हत्यारं ठेवा, छावणीत परत या. सुट्टीवर आल्यावर मिशीला पीळ देत ते सांगायचे, की सगळ्यांना माघारी बोलावणारा माणूस मी. आणि मी वाजवलं, की वरून कुणीतरी उत्तर देतं. दोन्ही बाजूंच्या दगडी इमारतींवरून परतणारा तो नुसता प्रतिध्वनी होता. सगुणाबाईंना तेव्हाही तो नुसता वाटला नव्हता.

मग लढाई आली. लढाईत बँडवाले वाद्यं ठेवतात आणि जखमींना उचलतात. सुभानरावांनी एकाला आणून ठेवलं, दुसऱ्यासाठी पुन्हा मागे गेले. तिन्हीसांजेची वेळ होती. त्या सांजेतून ते बाहेर आलेच नाहीत.

देह आला नाही. अस्थी आल्या नाहीत. शालन तेव्हा पोटात होती. सरकारनं बेपत्ता म्हटलं, गावानं हलक्या आवाजात दुसरं काही म्हटलं. सगुणाबाईंनी काहीच म्हटलं नाही. त्यांनी फक्त दार उघडं ठेवलं.

दिवेलागणीला मागचं दार लावायचं आणि पुढचं उघडायचं, लक्ष्मी घरात येते म्हणून, ही रीत घरोघरची. दिवा लागला, हात जोडले, की घटकाभरानं बाकीची दारं मिटत. सगुणाबाईंचं उघडंच राही. पाऊस आत येई, धुरळा येई, शेजारचं कुत्रं येऊन उंबऱ्यावर ऐसपैस झोपे; दार उघडंच. त्या दाराच्या वाऱ्यात शालन अभ्यास करत, शिंकत, कुरकुरत मोठी झाली. लक्ष्मी काही आली नाही, डास मात्र नेमानं येतात, असं ती आईला चिडवायची. आई हसायची आणि दार तसंच ठेवायची.

आता डोळे अधू झाले, गुडघे बोलू लागले. परवाच गावच्या घराला कुलूप लागलं होतं. दिल्लीहून परतायचं ते थेट पुण्याला, शालनच्या फ्लॅटमध्ये. तिथलं दार आपोआप मिटतं. तिथं दार उघडं टाकता येणार नाही, हे शालननं स्वच्छ बजावलं होतं आणि सगुणाबाईंनी मान डोलावली होती. त्या बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं, की एकदा ती दिल्लीची चढण दाखव.

का, ते सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? एखाद्या सांजेला ते येतील, कुलूप बघतील आणि आल्या पावली परत फिरतील, या भयानं म्हातारीची झोप उडाली होती. कुठंतरी निरोप ठेवायला हवा होता. बिगुलवाला माणूस कुठंही असला तरी बिगुलाच्या हाकेला येणारच, एवढा त्यांचा साधा हिशेब.

चढाच्या पायथ्याशी, विजय चौकात, निशाणं उतरवण्याच्या त्याच सोहळ्याची तालीम चालली होती. दोरापलीकडे माणसं दाटली होती. लाल डगले, शुभ्र हातमोजे, पितळी वाद्यांवरचं वितळतं ऊन. ढोल थांबले. पावलं थांबली. वाराही थांबल्यासारखा झाला, आणि बिगुल वाजला.

एकच सूर. उंच, निर्मळ, एकाकी. तो चढ चढून गेला, स्तंभांना भिडला, धुक्यात शिरला. आणि वरून उत्तर आलं.

उत्तर किंचित उशिरा आलं. सुराच्या शेवटच्या वळणाआधी त्यानं दम घेतला. खालच्या जवानानं घेतला नव्हता. सुभानराव मात्र तिथं दम घ्यायचे, नेहमी, आणि त्यावरून वरिष्ठांची बोलणी खायचे. सगुणाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. शालननं त्यांचा हात धरला, आणि तीही वर बघू लागली.

निशाणं उतरली. अकस्मात सगळ्या इमारतींवर दिवे लागले. राजधानीची दिवेलागण झाली. बँड वळला, वाजवत वाजवत चढाला लागला. वर पोचलेली एकेक रांग पलीकडे उतरू लागली. आधी पाय बुडाले, मग कमरा, मग खांदे, मग टोप्यांचे तुरे. सूर विरला. रस्ता रिकामा झाला.

रिकामा झाला, तरी चढाच्या माथ्यावर कुणीतरी मागे राहिलं होतं. धुक्याहून जरासं गडद. हाताशी पितळेची एक लकाकी. सगळे तिकडे गेले होते. तो मात्र इकडे तोंड करून उभा होता.

सगुणाबाई दोराला टेकल्या. घरातल्या घरात बोलावं तसं, हळूच म्हणाल्या, "अवो, ऐकलं का. घराला कुलूप घातलंय मी. तिकडं जाऊन परत फिरू नका. लेकीकडं ऱ्हायला चाललेय, पुण्याला. तिकडंच या."

आणि त्या अडखळल्या. पुढचं काय सांगणार? मिटलेल्या दाराशी या, असं कसं म्हणणार? जन्मभर ज्यांच्याशी खोटं बोलल्या नाहीत, त्यांना आता या वयात फसवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी शालनकडे नुसतं पाहिलं. गर्दी पांगत होती, धुकं उतरत होतं, ती लकाकी मंद होत चालली होती.

शालननं बापाला कधी पाहिलं नव्हतं. कधी हाक मारली नव्हती. जन्मभर त्या दारावर ती चिडली होती, आणि आज तिला कळलं, की चिडता चिडता तीही वाटच बघत होती.

"आबांना सांग," ती म्हणाली, "दार उघडं असेल."

माथ्यावरची लकाकी हलली. मग तिथं फक्त धुकं राहिलं.

दोघी परत निघाल्या. स्मशानातून परतताना मागे वळून बघत नाहीत; या घराला तसं परतणं कधी लाभलंच नव्हतं. तरीही दोघींनी वळून पाहिलं नाही. दिव्यांचा सोनेरी उजेड पाठीवर घेत, जांभळीखालून, ओल्या धुक्यातून, त्या चालत राहिल्या. मागून बुटांचा आवाज येत होता. संथ, ठाम, तालातला. सगुणाबाई गुडघा धरून थांबल्या, की तो थांबे. त्या निघाल्या, की निघे.

शालननं आईचा हात अलगद सोडला. ती थोडी बाजूला सरकली, आणि सरकल्या जागेवरूनच चालू लागली. पुढे लांबच लांब रस्ता, मागे उजळलेलं दगडी नगर, आणि मायलेकींच्या मधोमध, पावलाला पाऊल लावून, एका माणसापुरती मोकळी जागा.