माझ्यावरून बेतलेलं मशीन

माझ्यावर बटणं आहेत, पण ती स्केचपेननं काढलेली. स्क्रीनही आहे, तो पांढरा कागद चिकटवून केलेला. मी पुठ्ठ्याचं डायलिसिस मशीन बोलतोय. नोएडात खरी डायलिसिस मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या हॉलमध्ये, कोपऱ्यात उभा आहे. मी हेवेखोर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला धक्का बसायचा नाही.

मूळचा मी फ्रिजचा खोका. वीणाताईंच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवा फ्रिज आला, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी, कुमुदताईंनी, माझ्यात हिवाळ्याच्या रजया भरायचं ठरवलं होतं. वीणाताई म्हणाल्या, आई, हा मला ऑफिसात हवाय. दुसऱ्या दिवशी गाडीच्या टपावर आडवा बांधून त्यांनी मला यमुनेपलीकडे आणलं.

वीणाताई सिस्टिम आर्किटेक्ट. हे काय काम असतं ते कुमुदताईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, मला कळलं. कोणी पंप करतो, कोणी सॉफ्टवेअर लिहितो, आणि ज्याला त्याला आपलाच भाग थोर वाटतो. कोणता भाग कुठे बसेल, कोण कोणाचं ऐकेल आणि एक बंद पडला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे मशीन घडायच्या आधी वीणाताई ठरवत. ते ठरवताना त्यांना समोर कोणीतरी उभं लागायचं. तो मी.

एका मोठ्या हॉस्पिटलातल्या हेमलता साळवे सिस्टर दर शनिवारी येत. मूळच्या नगरच्या, दिल्लीत वीस वर्षं काढलेल्या. वीणाताई टेबलावर पेशंट होऊन झोपायच्या आणि सिस्टर माझी खोटी बटणं दाबत सांगायच्या: हे फार वर आहे, माझा हात पोचत नाही. इथे नळी पायात येईल. वीणाताई लगेच उठून कटरनं मला कापत आणि तुकडा दुसरीकडे चिकटवत.

सगळ्यात मोठा काप पंपापायी बसला. डायलिसिसमध्ये पेशंटचं रक्त नळीतून मशीनमध्ये फिरतं. वीज गेली की पंप थांबतो, आणि मग हँडलनं तो हातानं फिरवून रक्त पेशंटच्या अंगात परत घालावं लागतं. माझा पंप डावीकडे होता. तो फिरवायला गेलं की सिस्टरांची पलंगाकडे पाठ व्हायची. वीणाताईंनी तो कापून उजवीकडे आणला आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘चेहरा दिसला पाहिजे’.

ते आठ महिने मी राजा होतो. मग पोलादाचं मशीन आलं.

चकचकीत, पांढरं. त्याला झेंडूचा हार घातला, पुढे नारळ फोडला, सगळ्यांनी फोटो काढले. वीणाताईंनी त्याच्यावरचा बोटाचा डाग ओढणीनं पुसला. माझ्यावर चहाच्या कपाची वर्तुळं होती, ती कोणी कधी पुसली नव्हती. त्याची उंची माझी, त्याच्या खाचा माझ्या, आणि हार त्याला. मला एवढंच वाटलं, याच्यात काहीतरी खोट निघू दे.

निघाली. चाचणीच्या दिवशी हेमलता सिस्टरांनी स्वतः वीज बंद केली, बॅटरी काढली आणि हँडल हातात घेतलं. दोन वेढे देऊन थांबल्या. पंप पुन्हा डावीकडे होता. नळ्या आखूड होतात आणि जोडणी सोपी पडते, म्हणून यंत्रविभागाचे प्रमुख श्रीरंग यांनी तो हलवला होता.

श्रीरंग म्हणाले, “बीपी स्क्रीनवर दिसतंच की, सिस्टर. बॅटरी पण आहे ना.”

“बॅटरी गेली की मगच आम्ही हे हँडल हातात घेतो, साहेब. तेव्हा पेशंटचा चेहरा हाच आमचा स्क्रीन.”

वीणाताई कोपऱ्यात आल्या, मला उचलून पोलादाच्या मशीनशेजारी उभं केलं आणि पेन्सिलीची ओळ वाचली. मग म्हणाल्या, “श्रीरंगना बोलू नका. बदलाच्या कागदावर सही माझी आहे. मी घाईत केली.”

आणि मी? मी खूश होतो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसत होतं, तरी खूश होतो. पोलादाचं पोट उघडलं गेलं, हॉस्पिटलची तारीख सहा आठवडे पुढे गेली, आणि वीणाताई पुन्हा रोज फूटपट्टी घेऊन माझ्यापाशी येऊ लागल्या.

एका शनिवारी सिस्टर सहज बोलून गेल्या. वॉर्डातलं एक मशीन बंद पडलंय. दीनानाथ नावाच्या एका मास्तरांची आठवड्यातून तीनदाचं डायलिसिस दोनदाच होतंय, पाय सुजलेत, आणि नवं मशीन कधी येणार असं ते दर खेपेला विचारतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच शरम वाटली. मी ज्या सहा आठवड्यांवर खूश होतो, ते मास्तर अंगावर काढत होते.

पोलादाचं मशीन पंप उजवीकडे घेऊन हॉस्पिटलात गेलं. पुढे एकदा सिस्टरांचा फोन आला. भर दुपारी वॉर्डातली वीज गेली, बॅटरीनंही दगा दिला. त्या हँडल फिरवत होत्या आणि दीनानाथ मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. ओठ पांढरे पडताना दिसले तशी त्यांनी हाक मारून मदत बोलावली. मास्तर बरे आहेत. मला आनंद झाला, खरंच झाला. पण मास्तरांच्या उशाशी ते पोलादाचं उभं होतं, मी नव्हतो, हेही टोचलंच.

मला उद्या कबाडीवाला भंगारात नेणार आहे. आज सकाळी हॉलमध्ये एक नवा खोका आणलाय, वॉशिंग मशीनचा. कडा कशा ताठ, अंगावर एक डाग नाही. वीणाताईंनी त्याच्यावरून हात फिरवला, पेन्सिलीनं रेघ मारली आणि कटर लावला. पहिल्या कापाला तो थरथरला.

मी त्याला म्हटलं, “घाबरू नकोस रे. घट्ट उभा राहा, त्यांचा हात सरळ चालू दे. तुझ्यावर जेवढं चुकून घेतील तेवढं पुढे कोणाच्या तरी जिवावरचं टळेल.”

बोललो ते मनापासून बोललो. तरी कटर पुन्हा चालायला लागला, तेव्हा मी मान वळवून पाहिलं नाही. तो काप माझ्या अंगावर पडायला हवा होता.