एका पेल्याची पंगत

मी पेला. चांदीचा नाही, पितळेचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर देवळातल्या भांड्यांबद्दल लोकांच्या भलत्याच कल्पना असतात. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका कासाराच्या दुकानात मी ताकाच्या पेल्यांबरोबर मांडलेला होतो. तिथून मला पाळकसाहेब मुकुंदरावांनी उचललं. ख्रिस्ती मंडळीचं छोटं देऊळ नुकतंच उभं राहिलं होतं आणि विलायतेहून येणारा चांदीचा पेला काही येईना. तोवर हा चालेल, असं ते म्हणाले. तो चांदीचा पेला आजतागायत आलेला नाही.

येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. गोदावरीबाई मनुका उकळून रस काढायच्या, तो माझ्यात भरायचा आणि मी हातोहाती फिरायचो. सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं, हा तिथला नेम. देवाचं राज्य आलं की सारं जग असंच एका पंगतीला बसेल, असं पाळकसाहेब सांगत. ते ऐकून मी उगाच फुगायचो.

पण तिथे बसण्याची एक न बोललेली रीत होती. सोवळ्याओवळ्याच्या घरांतून आलेली माणसं पुढे बसत, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली मागे. मी पुढून मागे जाई. म्हणजे कुणाचं उष्टं कुणी प्यायचं, ते आपोआप ठरायचं. मुद्दाम कुणी केलं म्हणावं, तर तसंही नव्हतं.

एका रविवारी काशम्मा आली. मूळची मंद्रूपची, गावकुसाबाहेरची, इथे गिरणीत झाडलोट करायची. नुकताच तिचा बाप्तिस्मा झाला होता. पहिलंच प्रभुभोजन, म्हणून बिचारी सगळ्यांच्या आधी आली आणि रिकाम्या सतरंजीवर अगदी पुढे बसली. रीत तिला कुणी सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? सोवळ्याच्या घरातून आलेल्या गोदावरीबाई नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी बसल्या, पण हातभर अंतर ठेवून.

पाळकसाहेब मला घेऊन काशम्मासमोर आले. तिनं मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली. जन्मभर तिला पाणी वरूनच वाढलं गेलं होतं. दुसऱ्याचं भांडं हाती घ्यायची सवयच नव्हती. आणि काय सांगू, पाळकसाहेबांचा हात कलला! इतका शिकलेला माणूस, पण ओंजळ दिसली तसा हात आपसूक वर गेला. रसाचे थेंब तिच्या ओंजळीत पडलेसुद्धा. मला फार वाईट वाटलं.

मग ते भानावर आले. त्यांचा चेहरा उतरला. खाली बसून त्यांनी मला तिच्या ओल्या ओंजळीत ठेवलं.

"न्हाय साहेब," ती हळूच म्हणाली, "माजं तोंड लागंल की. मागनं बाईस्नी प्यायचं हाय."

सगळं देऊळ गोदावरीबाईंकडे बघायला लागलं. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर काशम्मा पुन्हा त्या देवळाची पायरी चढली नसती.

गोदावरीबाईंनी मानेनंच तिला पी म्हणून खुणावलं. काशम्मानं एक घोट घेतला आणि मी बाईंच्या हातात आलो. माझी कड पुसायला त्यांनी पदर उचलला. मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी पदर सोडून दिला आणि काशम्माचे ओठ टेकले होते, तिथूनच त्या प्यायल्या.

"अशी लांब का बसलीस?" त्या तिला म्हणाल्या. "सरक इकडे."

त्या दिवशी जग बदललं, असं मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात बरीचशी मंडळी पुन्हा आपापल्या जागी. पण त्या दोघी मात्र कायम मांडीला मांडी लावून बसायच्या. रस गोड कमी झाला, म्हणून काशम्मा बाईंना बोलायचीसुद्धा. काय दिवस होते ते!

आता काचेचे चिमुकले पेले आलेत, प्रत्येकाला वेगळा. खोकल्याचा रोग फैलावतो म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. रास्तच आहे, माझी तक्रार नाही. बरं, थोडी आहे. माझी कल्हई उडालीय आणि मी कपाटात पडून आहे. गोदावरीबाई गेल्या. काशम्मा एकटीच पुढे बसते, असं कपाटाच्या फटीतून दिसतं.

कधी मला बाहेर काढलंत, तर चांदीचा मान नको मला. साधं पाणी भरा, तेही चालेल. फक्त आधी कुणी प्यायचं, ते ठरवू नका.