होरिउचींच्या यंत्राची घंटी

होरिउचींच्या कारखान्यातलं ते शेवटचं गणनयंत्र होतं, आणि येत्या रविवारी कुरोइवा त्याचा एकेक सांधा मोकळा करणार होता.

जुनी हातयंत्रं जमवणाऱ्या ओसाकातल्या मंडळाचा तसा नियमच होता. बंद पडलेल्या एका शाळेच्या अडगळीतून मंडळानं बरीच यंत्रं एकगठ्ठा उचलली होती. त्यांतल्या ज्याची घंटी वर्षअखेरच्या बैठकीत वाजणार नाही, ते सुट्या भागांसाठी खोलायचं. ही घंटी भागाकाराची. मूठ उलटी फिरवत संख्या वजा करत जायची. एक फेरा जास्त झाला की घंटी वाजते, मग तो फेरा परत घ्यायचा आणि पुढच्या घरात सरकायचं. होरिउचींच्या यंत्राची मूठच मुळी हलत नव्हती. मंडळाचा प्रमुख कुरोइवा निकाल देऊन मोकळा झाला होता, "मेलंय ते. चाकं तेवढी माझ्या यंत्राला चपखल बसतील."

तोमोएनं ते मुदतीपुरतं मागून घरी आणलं. होरिउची तिचे वडील. कारखाना कसला, घरामागची पडवी आणि चार माणसं. बड्या कंपन्यांपुढे त्यांच्या यंत्रांना कुणी विचारलं नाही. 'होरिउचीचा भागाकार, देवाचा आधार' अशी गल्लीत थट्टा चालायची. वडील त्यावर एवढंच म्हणत, आमचं यंत्र चुकत नाही. ते खरं की खोटं हे सांगायला जगात आता हे एकच उरलं होतं.

खोलायची तिची छाती होईना. पुन्हा जुळवणारं कुणी हयात नव्हतं. पण गंज कुठे दिसत नव्हता. जुनं तेल आटून डिंक झालं असणार. थंडीत गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी वडील यंत्र शेगडीपाशी ठेवत, हे तिला आठवलं, आणि तिनं ते सरळ कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या दुलईखाली, शेगडीला लावून सरकवलं.

"मग माझे पाय कुठे ठेवू?" नवऱ्यानं, कात्सुमीनं विचारलं.

"बाहेर. मोजे घाला."

"लग्नाच्या नवऱ्यापेक्षा लोखंडाचे लाड जास्त."

"लोखंड कुरकुरत नाही हो."

दुसऱ्या दिवशी मूठ गर्रकन फिरली. पण तिचा आनंद फार टिकला नाही. यंत्र गार झालं की मूठ पुन्हा गच्च, आणि बैठकीच्या सभागृहात हीटर नावालाही नव्हता.

रविवारी तिनं यंत्राला अंग शेकायच्या गरम पुड्या चिकटवल्या, ते शालीत गुंडाळून नवऱ्याच्या पोटावर बांधलं आणि वरून त्याचा कोट चढवला. बसमध्ये एक शाळकरी मुलगी ते पोट बघून पटकन उठली.

"बसा ना, आजोबा."

"बसतो. पण पोट माझं नाही हं, हिच्या माहेरचं आहे."

सभागृहात कुरोइवा स्क्रूड्रायव्हर मांडूनच बसला होता.

"आणलंत? द्या इकडे."

"आधी संख्या द्या," तोमोए म्हणाली.

"वडिलांचं म्हणून कौतुक ठीक आहे, तोमोए-सान. पण मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच."

"संख्या द्या, कुरोइवा-सान."

त्यानं मुद्दाम पूर्ण भाग न जाणाऱ्या दोन आडमुठ्या संख्या दिल्या. तिनं खटके लावले आणि मूठ उलटी फिरवायला सुरुवात केली. यंत्र अजून कोमट होतं. एक घर संपताना घंटी वाजली. खणखणीत. ती पुढच्या घरात सरकली, तिथेही वाजली.

कुरोइवानं तोच भागाकार आपल्या यंत्रावर केला. मग चष्मा पुसून पुन्हा केला. शेवटच्या घरापर्यंत दोन्ही उत्तरं एकच आली.

"बाबा खरं बोलत होते," तोमोए मोठ्यानं म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही.

जो तो आपली संख्या घेऊन पुढे आला. कात्सुमी रिकामा कोट हातावर टाकून सगळ्यांना सांगत सुटला की यंत्र त्याच्याच अंगावर शेकून निघालंय. कुरोइवानं हत्यारं पिशवीत टाकली आणि घसा खाकरला.

"मला एकदा फिरवू द्याल?"

"रांगेत या, कुरोइवा-सान. सगळ्यांच्या मागे."

तो निमूटपणे मागे जाऊन उभा राहिला. होरिउचींच्या हयातीत त्यांच्या यंत्रापुढे कधी रांग लागली नव्हती. आज ती दारापर्यंत गेली होती.