पान्हेश्वराचा कुंचा

मिरजगावजवळच्या वाडीत सकाळी सहालाच बनाबाईंच्या गोठ्यापुढं पन्नासेक माणसं जमली होती. डेअरीला निघालेले लोक कॅन वाटेतच ठेवून पान्हेश्वर महाराजांचा चमत्कार बघायला आले होते. महाराज म्हणजे भगवी लुंगी, मनगटात सोनेरी घड्याळ, हातात मोरपिसांचा जाडजूड कुंचा आणि तोंडाला कुलूप कधीच नाही.

"गाय आटत नसते, माऊली! तिच्या कासेत कली बसतो. आपल्याला बघितलं की तो पळतो!"

आधी शेजारच्या सहादेवची गाय पुढं आणली. वासरू मेल्यापासून ती पान्हा चोरायची. महाराजांनी डोळे फिरवले, काहीतरी पुटपुटले आणि कुंचा तिच्या मानेवर दाबला. गाय दचकली. दोन-तीन मिनिटांत कास तटतटली, बादलीत धारा वाजू लागल्या. लोकांनी हात जोडले. दोघांनी तर शेणातच लोटांगण घातलं. त्यात शेणाचीच काय ती बेअदबी झाली.

बनाबाईंची लेक स्नेहल दाव्याजवळ उभी होती. ती पशुवैद्यकीय कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती, पुढं मोठा गोठा सांभाळायची नोकरी तिला करायची होती. "शेण काढायला डिग्री कशाला?" असं विचारणारे शहाणे आज पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते.

स्नेहलची नजर गाईच्या मानेवर होती. तिथं रक्ताचा एक थेंब आला होता.

"आता आमची तांबडी घ्या, महाराज," बनाबाई म्हणाल्या. "महिनाभर दूध कमी कमीच होत चाललंय."

स्नेहल तांबडीच्या आडवी उभी राहिली. "आई, ही सात महिन्यांची गाभण हाय. आता तिनं आटायलाच पायजे. पोटातल्या वासराला लागतं ते."

"बाजूला हो, पोरी," महाराज गुरगुरले. "शिकलेल्यांचा वारा गाईला बाधतो."

"होते की. आधी कुंचा खाली ठेवा आणि नुसता मंत्र म्हणा."

"कुंच्याबिगर मंत्र लागत न्हाई!"

"मग कुंचा माझ्याकडं द्या, तुमी मंत्र म्हणा."

महाराजांनी कुंचा छातीशी धरला. देवाची वस्तू, पण धरली मात्र चोरीच्या मालासारखी. सहादेवला हे बघवेना. त्यानं हात घालून कुंचा ओढला, तशी पिसांतून सुई लावलेली सिरिंज खाली पडली.

"आयला! ही तर सुई हाय!"

"त्यात तीर्थ हाय, तीर्थ!"

"मग टोचून घ्या की सोताच्या दंडात," स्नेहल म्हणाली. महाराज दोन पावलं मागं सरले.

ती लोकांकडं वळली. "वासरू ढुसण्या देतं, आपण कास चोळतो, तवा गाईच्या मेंदूतून एक द्रव रक्तात सुटतो आणि पान्हा फुटतो. तोच द्रव औषध म्हणून बाटलीत मिळतो. बहुतेक तोच ह्या सुईत हाय. सारखी सुई मारली तर गाय सुईबिगर दूधच सोडत न्हाई. गाभण गाईला मारली तर वासरू पडू शकतं. एखाद्या वखताला गाय बी हातची जाती."

बनाबाईंनी तांबडीच्या पोटावर हात ठेवला. आत वासरू हललं. "मीच बोलावलं ह्याला," त्या पुटपुटल्या.

महाराज गाडीकडं पळाले, पण गाडीलाच राहिलेली चावी सहादेवनं आधीच काढून मुठीत धरली होती. लोटांगण घालणारे आता सर्वांत मोठ्यानं शिव्या देत होते. स्नेहलला त्यांचा महाराजांइतकाच राग आला. तिनं सिरिंज फडक्यात गुंडाळली आणि पोलिसांना फोन लावला.

मग सहादेवला तिनं कोमट पाणी आणायला सांगितलं. रोज ठरल्या वेळी, पुढ्यात भिजवलेल्या पेंडीचं आंबोण ठेवून, त्या पाण्यानं कास धुऊन हळूहळू चोळायची. आठ-दहा दिवस लागतील म्हणाली. अकरा लागले. त्या सकाळी सहादेवच्या गाईनं आपणहून पान्हा सोडला, तेव्हा बघायला एकही माणूस आला नव्हता.

जनावराला टोचलं तरी का टोचलं म्हणून विचारता येत नाही. आपल्याला येतं. निदान त्याच्यासाठी तरी विचारा.