आकाशपाळण्यावरच्या दोन जावा

थोरलीला घरात सगळे ‘कलेक्टर’ म्हणत. सहल तिने ठरवायची, कोण कुठल्या गाडीत बसणार ते तिने सांगायचं आणि हॉटेलात सगळ्यांच्या वतीने ऑर्डर तिनेच द्यायची. तिच्या थोरल्या मुलीच्या वाढदिवसाला शहराबाहेरच्या मनोरंजन पार्कात जायचं, हेही तिनेच ठरवलं. धाकटी जाऊ एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने त्या दिवसाची रजा टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, “मी येणार. मला यायचंच आहे.”

नवऱ्याला नवल वाटलं. मामेसासूबाईंच्या वाढदिवसाचं जेवण झाल्यापासून दोघी जावांमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

त्याच जेवणात, भरल्या टेबलावर कुणीतरी धाकटीला पाळणा कधी हलणार म्हणून विचारलं होतं. धाकटी नेहमीसारखी हसली होती. थोरली मात्र सुस्कारा टाकून म्हणाली, “तिला कशाला विचारता? दोनदा राहिलं, दोनदा गेलं बिचारीचं.” पहिल्या वेळचं सगळ्यांना माहीत होतं. दुसरं फक्त थोरलीला. त्या वेळी धाकटीचा नवरा परगावी होता, म्हणून थोरलीच तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. पहिल्या वेळी नवरा इतका खचला होता, की या वेळी ‘ह्यांना सांगू नका, मी सांगेन माझी माझी,’ असं धाकटीने तिचा हात धरून विनवलं होतं. नवऱ्याला ते कळलं समोर वाढलेल्या ताटावर, पाहुण्यांच्या देखत. त्यानंतर कितीतरी दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरला.

धाकटीने त्याचा डूख मनात धरला होता.

पार्कात शिरल्या शिरल्या मुलींनी धडकगाड्यांकडे धाव घेतली. थोरली लाल गाडीत बसली, धाकटी निळ्या. भोंगा वाजला आणि धाकटीने अशी धडक दिली, की थोरलीचा गॉगल नाकावरून घसरला. थोरली हसली. दुसऱ्या धडकेलाही हसली. मग मात्र तिला कोपऱ्यात गाठून धाकटी मागे सरायची, पुन्हा आदळायची. “अगं, पुरे की!” थोरली ओरडली. धाकटीला खूप दिवसांनी कडकडून भूक लागली. बाहेर आल्यावर तिने मक्याचं कणीस खाल्लं, मग साखरेचा गुलाबी कापूस, आणि बोटं चाटत सगळ्यांदेखत म्हणाली, “आता आकाशपाळणा. ताईंना फार आवडतो ना?”

थोरलीचा चेहरा पडला. दवाखान्यात सहाव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी ती उभी राहीना, तेव्हा तिने धाकटीला सांगितलं होतं, की उंचावरून खाली पाहिलं की तिच्या हातापायांतलं बळ जातं. थोरलीच्या नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. डोकं दुखतंय, कुणीतरी सामान सांभाळायला हवं, असल्या सबबींवर तिने आजवर निभावून नेलं होतं.

“मी पर्स सांभाळते, तुम्ही जा,” ती म्हणाली.

“पर्स बाबा सांभाळतील,” धाकटीने सासऱ्यांच्या हाती पर्स दिलीसुद्धा. “मुलींनो, आईला न्यायचं ना?”

मुली टाळ्या पिटू लागल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही. मुली बापाबरोबर पुढच्या पाळण्यात चढल्या आणि मागच्यात दोघी जावा समोरासमोर बसल्या.

वर जाता जाता थोरलीने दांडा घट्ट पकडला, डोळे मिटले. अगदी टोकाला पाळणा थांबला, खाली माणसं चढत होती. धाकटीने पाय रोवून अंग पुढे झोकलं, मग मागे. पाळणा करकरत झुलू लागला.

“नको गं. तुझ्या पाया पडते.”

“काय झालं ताई? गार वारा आहे छान.”

“तुला माहितीये काय झालं ते.” थोरलीच्या ओठांचा रंग गेला होता. “खाली कुणाला सांगू नकोस.”

“मीही असंच म्हटलं होतं तुम्हाला. तुमचा हात धरून.”

थोरली डोळे न उघडताच बोलली, “खरं सांगू? त्या दिवशी सगळ्या तुझ्याभोवती होत्या. तुझी साडी, तुझी नोकरी. मी ते बोलले आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला बरं वाटलं. घरी जाऊन फार वाईट वाटलं, पण तेव्हा बरं वाटलं.”

धाकटीने हजार सबबींची तयारी केली होती. ह्या उत्तराची नव्हती. तिने आणखी एकदा जोरात झोका दिला आणि मग पाळणा आपसूक स्थिर होईपर्यंत ती दूरच्या इमारतींकडे बघत राहिली.

खाली उतरताच थोरली फरशीवर बसली. सगळे धावले. “काय गं, काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं.

थोरलीने मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

“ताईंना उंचीची भीती वाटते,” धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली. “पहिल्यापासूनच. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या.”

आधी कुणाला खरं वाटेना. मग सासरे हसले, मुली हसल्या, थोरलीच्या नवऱ्याने “कलेक्टरसाहेब!” म्हणत मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. तिचं तोंड लालबुंद झालं. न हसता उभा होता तो धाकटीचा नवरा. तो बायकोजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बरं वाटलं?”

“हो.”

“खूप?”

“विचारू नका. मला खायला घेऊन चला.”

दोघं झाडाखालच्या टेबलावर बटाट्याचे तळलेले काप घेऊन बसले. थोड्या वेळाने थोरली एकटीच आली, समोरची खुर्ची ओढून बसली.

“माफ नाही करायचीस ना मला?”

“नाही.”

“बरं,” म्हणत थोरलीने बशीकडे हात नेला. धाकटीने बशी आपल्याकडे ओढून घेतली आणि एकेक काप शांतपणे खात राहिली.