साबण सुकेपर्यंत

तिनं किसणी परातीत उभी धरली आणि साबणाची वडी जोरानं घासली. चिमूटभर भुकटी पडली, बाकी वडी जशीच्या तशी. दाढीचा साबण इतका कडक असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा डबा दाबून आयता फेस काढायचा; तिच्या वडिलांना, अप्पांना, मात्र वाटी-ब्रशच हवा होता. ही वडी वाटीपेक्षा बोटभर मोठी निघाली, म्हणून हा सगळा खटाटोप. किसायची, कीस कोमट पाण्यात भिजवायचा, वाटीत अंगठ्यानं दाबून बसवायचा आणि सुकू द्यायचा.

अप्पा समोर खुर्चीत बसून बघत होते. सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली.

“अशी भांडू नकोस तिच्याशी. वडी गोल फिरव.”

“तुम्हीच या ना मग.”

“मी बघतोय की.”

बापाच्या तोंडून एका दमात इतके शब्द ऐकून ती हरखली, आणि त्याच क्षणी धास्तावलीही. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी अप्पांच्या न्हाणीघराचं दार फोडलं होतं. दवाखान्यातून ती त्यांना थेट आपल्या घरी घेऊन आली. तेव्हापासून वाढलं ते खायचं, सांगितलं तिथं बसायचं, असं चाललं होतं. आणि काल अचानक ते म्हणाले, “दाढी करायची आहे.”

नवऱ्याला आनंद झाला. डॉक्टरही फोनवर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, माणसाला नीटनेटकं राहावंसं वाटतंय. घरात धारदार काही ठेवू नका असं बजावणारे डॉक्टर तेच. नवऱ्यानं आपलं दाढीचं मशीन पुढं केलं, तर अप्पांनी ते उलटसुलट करून बघितलं.

“यानं बागेतलं गवत काढा,” ते म्हणाले.

नवरा खो खो हसला. तीही हसली, आणि आत जाऊन रडली.

सुऱ्या, कात्री, रेझर, पाती, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटात कुलूपबंद होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात. कांदा चिरायचा तरी कुलूप काढावं लागे. अशा वेळी अप्पा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसत. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते तसं करतात, हे तिला कळत होतं आणि त्यामुळे आणखीच अवघडल्यासारखं होई.

साबण वाटीत बसला. तिनं वरून हात फिरवून तो सपाट केला.

“आता नीट सुकू दे. ओल्यावर ब्रश फिरवला तर गोळा सुटून येईल,” ती म्हणाली.

“किती दिवस?”

“बघू या. हवा दमट आहे.”

हवा चांगली कोरडी ठणठणीत होती. अप्पांनी मान डोलावली.

वाटी खिडकीत ठेवली. रोज सकाळी अप्पा उठण्याआधी ती नळाखाली बोटं ओली करायची, वाटीवर झटकायची आणि साबण पुन्हा सारखा करायची. चहाच्या वेळी वाटीत डोकावून म्हणायची, “अजून ओलाच आहे, अप्पा.”

“असू दे,” अप्पा म्हणायचे.

असं बरेच दिवस चाललं. अप्पांच्या गालांवर पांढरं रान माजलं.

“अगं, साबण आहे की सिमेंट?” नवरा एकदा वैतागला. “कधीतरी विश्वास टाकावाच लागेल ना त्यांच्यावर?”

“त्यांच्या न्हाणीघरातली फरशी तू नव्हती पुसलीस,” ती म्हणाली.

फरशी तिनं एकटीनं पुसली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. पुसता पुसता तिला बापाचा भयंकर राग आला होता आणि तो अजून गेला नव्हता. आई गेली, दुकान बंद झालं, घर खायला उठलं, सगळं कबूल. पण लेक होती ना जिवंत! तिचा विचार एकदाही मनात येऊ नये?

एका सकाळी ती ओली बोटं वाटीवर झटकत असताना मागून आवाज आला.

“राहू दे आज.”

तिनं हात झटकन पाठीमागे नेला. “मी नुसतं बघत होते, सुकलाय का ते.”

अप्पांनी वाटी उचलली आणि साबणात अंगठा दाबला. अंगठा आत रुतला.

“जन्मभर पुस्तकं बांधली मी. खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं, सकाळी काढायचं. कुठली वस्तू किती वेळात सुकते, ते मला शिकवतेस होय?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खळीच्या वासातच ती लहानाची मोठी झाली होती. जगात हे खोटं कुणालाही पचलं असतं, एका या माणसाला सोडून.

“कधी कळलं तुम्हाला?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

अप्पांनी वाटी खिडकीत ठेवली, सदऱ्याला अंगठा पुसला.

“तू पाणी मारलंस की कळायचं, आजही रेझर मिळत नाही. तेवढा दिवस बरा जायचा.”

दाढी करायची आहे असं म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात नक्की काय होतं, हे विचारायला तिची जीभ रेटेना.

“पण आता फार टोचते गं,” अप्पा म्हणाले. “कूस बदलली की जाग येते. तू कर.”

“मला कुठं येते?”

“गाल ताणून धरायचा आणि वरून खाली यायचं. येईल.”

तिनं पाणी तापवलं. साबण मऊच होता, ब्रश फिरवताच वाटी काठोकाठ फेसानं भरली. तिनं गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडून ती रेझरला पातं लावेपर्यंत अप्पा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसले.

“मध्येच मी मागितला,” ते म्हणाले, “तरी देऊ नकोस.”

आणि त्यांनी हनुवटी वर केली.